डोके गेले, खांब राहिला

मित्रांनो, माझे स्वतःचे डोके आज त्याच्या जागेवर नाही. ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात, एका विटक्या चादरीत गुंडाळून ठेवले आहे. त्याच्या जागी एक परका कॅमेरा जमिनीकडे तोंड करून बसला आहे. घाबरू नका, मी भूत नाही. मी एक जुना एन्लार्जर आहे. निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचे यंत्र. तुमच्यापैकी कित्येकांनी मला कधी पाहिलेही नसेल, म्हणून आधी माझी बांधणी सांगतो आणि मग माझ्यावर काय गुदरले ते.

खाली एक जाड लाकडी पाट. पाटाच्या मागच्या कडेला उभा पोलादी खांब. खांबावर वर-खाली सरकणारे डोके, डोक्यात दिवा आणि दिव्याखाली भिंग. या दोघांच्या मधल्या फटीत निगेटिव्ह सरकवायची. निगेटिव्ह म्हणजे फिल्मचा तुकडा. त्यात माणसाचे केस पांढरे दिसतात आणि दात काळे. दिवा लागला की तो उलट्या रंगांचा माणूस माझ्या भिंगातून खाली पाटावरच्या कागदावर उतरतो आणि कागद औषधाच्या पाण्यात बुडवला की हळूहळू सुलटा होऊन वर येतो. डोके जितके उंच, तितका फोटो मोठा.

माझ्या मालकांचा स्टुडिओ बाजाराच्या तोंडाशी होता. एका बाजूला चष्म्याचे दुकान, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन दुरुस्त करणारा. मालकांना सगळे फोटोकाका म्हणत. त्यांच्या पायाला भिंगरी होती. बाहेर गिऱ्हाइकाची हनुवटी वर कर, पडदा ओढ, तिथून अंधाऱ्या डार्करूममध्ये ये, माझा दिवा लाव, कागद पाण्यात सोड, परत बाहेर जा. पण एकदा दिवा लागला की मात्र हा माणूस जागच्या जागी स्तब्ध व्हायचा. फक्त हात हलायचे. कोणाच्या चेहऱ्यावर सावली जास्त पडते आहे असे वाटले की तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती ते माझ्या उजेडात फिरवत आणि तो चेहरा उजळत. लोक म्हणत, "काकांच्या फोटोत माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसतो." त्या कौतुकात माझा निम्मा वाटा होता, असे मी समजत असे. मला कोणी विचारले नाही ही गोष्ट वेगळी.

मग रंगीत फोटो धुणारी मोठी यंत्रे आली. त्यानंतर फिल्मच गेली. शेवटी लोकांच्या खिशाखिशात कॅमेरे आले. माझा दिवा आठवड्यातून एकदा लागायचा, तो महिन्यातून एकदा लागू लागला आणि एके दिवशी माझ्यावर टॉवेल पडला. स्टुडिओ बंद झाला तेव्हा भंगारवाला दारात आला होता. "लोखंड चांगलं आहे," असे तो म्हणाला. फोटोकाकांनी त्याला हातानेच परत पाठवले. त्यांनी मला मिठीत उचलले आणि घरी आणले. निगेटिव्हचे डबेही आणले, एकावर एक रचून पार छतापर्यंत.

काकू म्हणजे त्यांची बायको. त्यांनी मागच्या खोलीच्या दारात उभे राहून पाहिले आणि म्हटले, "अख्खं गाव आलं की हो राहायला! आता आपण कुठे राहायचं?"

काही वर्षे मी तिथे टॉवेलाखाली उभा होतो. रिकामपण काय असते ते मला तेव्हा कळले. पण माझ्यापेक्षा वाईट दशा फोटोकाकांची झाली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला. कडेकडेचे दिसायचे, पण समोर पाहावे तिथेच धुके. समोरच्याचे कान दिसत, खांदे दिसत, चेहरा दिसत नसे. ज्या माणसाने जन्मभर चेहरे पाहिले, त्याच्याच नशिबी हे आले. मग ते घरभर येरझाऱ्या घालू लागले. खुर्चीवर बसले की उठायचे, उठले की दाराला धडकायचे. माझ्या खोलीत येत, टॉवेलावरून हात फिरवत आणि परत जात. बोलणे त्यांनी जवळजवळ सोडलेच होते.

त्यांना एक मुलगी आहे. ती दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यातून लोकांच्या हिरड्यांचे साचे तिच्याकडे येतात आणि ती त्यावर एकेक दात बसवते. काकू तिला म्हणायच्या, "लोकांच्या तोंडात दात घालतेस, पण बापाच्या तोंडातून एक शब्द तुला काढता येत नाही."

एका सकाळी ती मागच्या खोलीत आली आणि दारातच थबकली. नाक मुरडत म्हणाली, "आई, इथे काय सांडलंय? आंबट वास येतोय."

"मला वाटलं, तुझ्या बाबांचे मोजे," काकू म्हणाल्या.

मोजे नव्हते, मित्रांनो. तो वास मला कधीपासून येत होता. डब्यांतली जुनी फिल्म आंबायला लागली होती. एक फळ नासले की शेजारचे नासते, तसेच तिचेही असते. मुलीने वरचा डबा उघडला तर आतल्या पट्ट्या वाळक्या पानासारख्या वळल्या होत्या. तिने एक खिडकीशी धरली आणि तिचा चेहरा उतरला. कुणा वराच्या कपाळावर सुरकुत्या पडल्या होत्या. त्या सुरकुत्या त्याच्या नव्हत्या, फिल्मच्या होत्या.

तिने चार ठिकाणी चौकशी केली. सगळ्यांनी एकच सांगितले. आंबलेली फिल्म परत सुधारत नाही. वळलेली पट्टी स्कॅनरच्या यंत्रातून जात नाही, अडकून फाटते. उपाय एकच, चांगल्या कॅमेऱ्याने प्रत्येक निगेटिव्हचा जवळून फोटो घ्यायचा आणि संगणकावर काळ्याचे पांढरे करायचे. पण त्यासाठी कॅमेरा अगदी सरळ, खाली पाहत, निश्चल धरणारे काहीतरी हवे. ती बोलता बोलता थांबली. तिने माझ्याकडे पाहिले आणि टॉवेल ओढला.

मला खरे तर आनंद व्हायला हवा होता. पण तिची नजर माझ्या दिव्यावर नव्हती, भिंगावरही नव्हती. ती फक्त खांबाकडे पाहत होती. 

संध्याकाळच्या चहाला तिने बाबांपुढे विषय काढला. ते ताडकन उठले. "मी जिवंत असेपर्यंत त्याच्या मानेला कोणी हात लावायचा नाही!"

"मान नाही कापत आहे बाबा. चार स्क्रू काढून डोकं बाजूला ठेवायचं. पुन्हा लावता येईल."

"पुन्हा कोण लावणार? मी? मला स्क्रू तरी दिसणार आहे का?"

 मग काकूंनी कप खाली ठेवला. "डोळ्यांच्या डॉक्टरांनाही तुम्ही असंच म्हणाला होतात. माझ्या डोळ्याला हात लावायचा नाही, बघू पुढच्या वर्षी. बघितलंत ना? आता त्या फिल्मचंही पुढच्या वर्षी बघायचं का?"

हे फार लागले त्यांना. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "करा काय करायचं ते," आणि गॅलरीत जाऊन पाठ फिरवून बसले.

दुसऱ्या दिवशी माझे डोके उतरले. दिवा, भिंग, सगळे. काय वाटले असेल मला? जन्मभर ज्यासाठी मला ओळखले गेले तेच गेले. उरला तो नुसता खांब आणि पाट. त्या खांबावर तिने लोखंडी पट्टी वाकवून कॅमेरा बसवला. पाटावर एक पातळ, पांढऱ्या उजेडाची पाटी ठेवली. आधी उजेड माझ्या डोक्यातून खाली यायचा, आता पायातून वर जाऊ लागला. निगेटिव्ह सपाट धरायला चौकट हवी होती. बाजारात मिळाली नाही, म्हणून तिने स्वतःच्या कामाच्या मालातून ओतली. झाली ती हिरडीच्या गुलाबी रंगाची. माझ्यासारख्या काळ्या-करड्या, भारदस्त यंत्राच्या पायाशी गुलाबी हिरडी! काकू तर पदर तोंडाला लावून हसल्या. "आता याला दात पण बसव."

पण काम काही जमेना. एका कडेला फोटो स्पष्ट, तर दुसऱ्या कडेला पुसट. कॅमेरा तिरका होता. मग तिने पाटावर आरसा ठेवला. कॅमेऱ्याला आरशात स्वतःचे भिंग बरोबर मधोमध दिसले म्हणजे तो सरळ, अशी ती युक्ती. कागदाच्या घड्या लोखंडी पट्टीखाली सारून तिने तेही जमवले. तरी चित्र हलल्यासारखे येई. खालच्या रस्त्यावरून बस गेली की माझा खांब थरथरत होता. ती दिवसभर कवळ्या करून यायची आणि उरलेला उजेड माझ्यापाशी घालवायची. तिला घाई झाली होती. रोज एखादा डबा उघडावा आणि त्यातल्या चार पट्ट्या हातात चुरा होऊन याव्यात, असे चालले होते. तिची तगमग मला खांबातून जाणवायची. मीही अस्वस्थ होतो. हे नवे ओझे पुढच्या बाजूला जड होते आणि मला मागे ओढणारे काही नव्हते.

शेवटी व्हायचे तेच झाले. कॅमेरा जागेवर घट्ट धरणारा माझा पेच जुना, त्याचे आटे झिजलेले. एका सुट्टीच्या दुपारी ती फिल्मची पट्टी बदलत असताना तो पेच सुटला. मी जिवाच्या आकांताने धरू पाहिले, पण लोखंडाला बोटे नसतात. कॅमेरा खांबावरून घसरत खाली आला आणि उजेडाच्या पाटीवर आदळला. पाटी फुटली, गुलाबी चौकटीचे दोन तुकडे झाले. कॅमेऱ्याचे भिंग वाचले ते नशीब.

मुलगी मटकन खाली बसली. "नाही जमणार," ती म्हणाली. "जाऊ दे सगळं."

आवाज ऐकून फोटोकाका आत आले. माझे डोके उतरल्यापासून त्यांनी या खोलीत पाऊल टाकले नव्हते. "कुठे लागलं का तुला?" त्यांनी आधी विचारले. मग हात पुढे करून ते माझ्यापर्यंत आले. त्यांची बोटे खांबावर चढली, पेचापाशी थांबली, पेच फिरवून पाहिला.

"याचे आटे गेलेत. स्टुडिओत मी आत कातड्याची चकती घालायचो. आणि खांब असा मोकळा कोणी सोडतं का? वरच्या टोकाला तार लावून मी तो भिंतीला ताणून बांधायचो. बाजारातून ट्रक जायचे की दिवसभर."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "आणि मीही रुसून बसलो होतो."

त्यांनी कमरेच्या जुन्या पट्ट्याचे कातडे मागवले आणि ते कापून, चाचपडत, पेचात बसवले. भिंतीत खिळा ठोकायला काकूंनी हातोडी दिली आणि म्हणाल्या, "अहो, दिसत नाही तर कशाला ठोकता?"

"डार्करूममध्ये मला कधी काय दिसत होतं? कॅमेऱ्यातून फिल्म काढायची तर तिथला मंद लाल दिवासुद्धा बंद असायचा. जन्मभर अंधारात काम केलंय मी." ठोक, ठोक, ठोक. खिळा सरळ गेला. तार ताणली गेली आणि कित्येक वर्षांनी माझा खांब ताठ झाला.

त्या दिवसापासून काम सुरू झाले ते तिघांचे. नवी उजेडाची पाटी आली, नवी गुलाबी चौकट ओतली गेली. फोटोकाका डब्यांतून पट्ट्या काढायचे. कुठली पट्टी ठिसूळ, कुठली लवचीक, हे त्यांच्या बोटांना कळे. फिल्मची औषध लावलेली बाजू कोणती हे पाहायला ते तिची कड ओल्या ओठाला लावत. जी बाजू चिकटे ती औषधाची. आंबट लागले की तोंड वाकडे करत. "फोटो चाटायची सवय काही गेली नाही यांची," काकू म्हणायच्या. मुलगी कॅमेऱ्याची कळ दाबायची आणि चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर उमटायचे. काकूंचे काम माणसे ओळखणे.

"अगं बाई, हा तर चष्मेवाला! याला केस होते?"

फोटोकाका टीव्हीपासून हातभर अंतरावर बसत आणि मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने पाहत. मोठ्या पडद्यावर एकच चेहरा भरून आला की त्यांना तो तुकड्यातुकड्याने दिसे. आधी कान, मग गाल, मग डोळे. पहिल्यांदा असा अख्खा चेहरा जुळला तेव्हा त्यांनी हात मागे आणून माझ्या पाटावर ठेवला. माझे काम मोठे करण्याचे होते ना, मित्रांनो? ते डोक्याशिवायही होत होते.

ही बातमी बाजारात पसरली. एक दिवस एक कंडक्टरबाई आली, गणवेशातच, खांद्याला पिशवी. बसायला सांगितले तरी बसेना.

"काका, माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मी पाळण्यात होते तेव्हा गेले. घरात एकच फोटो होता, तो घर गळलं तेव्हा भिजून गेला. मी त्यांचं तोंड कधी पाहिलेलं नाही. तुमच्याकडे असेल का?"

फोटोकाकांनी डोके वर केले. "पुलाखाली बसायचा तोच ना? ओठ मिटून बसला होता. मी म्हटलं हस, तर म्हणाला, घड्याळवाला हसला की लोकांना वाटतं वेळ चुकीची आहे."

बाईने पिशवी खांद्यावरून उतरवली आणि खाली बसली.

शोध सुरू झाला. त्या वर्षांचे डबे सगळ्यांत जास्त आंबलेले होते. कंडक्टरबाई सुट्टीच्या दिवशी यायची आणि नुसती उभी राहायची, या पायावरून त्या पायावर. अखेर एका डब्यात तो घड्याळवाला सापडला. पण पट्टीवरचे औषध फुगून तिच्यावर नागमोडी चर पडले होते. कड तर सुटायला लागली होती.

"चौकट दाबू नकोस," फोटोकाका मुलीला म्हणाले. "दाबलीस तर औषध सुटेल. नुसती ठेव आणि लगेच घे. दुसरी संधी नाही."

मुलीने श्वास रोखला. खाली बस गेली, पण मी हललो नाही. कळ दाबली गेली. मग ती पट्टी उचलताना औषधाचा पापुद्रा पाटीवरच गळून पडला.

टीव्हीवर माणूस आला. हनुवटीवरून चर गेला होता, एक खांदा नाहीसा झाला होता. पण डोळे शाबूत होते. ओठ घट्ट मिटलेले. आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेले मोठे, पसरट कान.

कंडक्टरबाई पडद्याजवळ गेली. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. "शाळेत मला सगळे सुपली म्हणायचे," ती म्हणाली. "आई म्हणायची, कोणावर गेलीस कोण जाणे. मुद्दाम म्हणायची वाटतं, तिला स्वतःला रडू येऊ नये म्हणून." आणि ती हसली. हसता हसता तिला रडू आवरेना. काकू तिला पाणी द्यायला उठल्या.

तुम्हाला वाटेल, इथे माझी कहाणी संपली. पण आणखी एक डबा उरला होता. सगळ्यांत खालचा, गंजलेला पत्र्याचा. मुलीने तो ओढला तेव्हा फोटोकाका एकदम म्हणाले, "तो राहू दे."

"का?"

"तो आपल्या घरचा आहे. स्टुडिओत मोरीच्या कट्ट्याखाली, ओलाव्यात ठेवला होता. लोकांचे वरच्या फळीवर ठेवले. म्हटलं, आपले काय, कधीही छापू."

झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटावे लागले. आत पट्ट्या नव्हत्या. काळसर, चिकट असा एक गोळा होता. मुलीने तो पाटावर ठेवला. एक कड सोडवून पाहिली, तर बोटाला काळे लागले आणि हातात काही आले नाही. तिने दुसरी कड पाहिली, मग तिसरी. मग ती थांबली. तिचे सारे बालपण त्यात होते, आणि तिने त्यातला एकही फोटो कधी पाहिला नव्हता.

फोटोकाकांनी गोळा चाचपला. त्यांनाही कळले. पण ते उठून गेले नाहीत, येरझाऱ्याही घातल्या नाहीत.

"हा वरचा रोल," ते म्हणाले. "यात तू बादलीत बसली आहेस. पाणी थंड होतं म्हणून माझ्यावर ओरडतेस. पुढच्या फोटोत तुझ्या आईचा हात आला आहे, फक्त हात, साबणाचा."

"गरम पाणी संपलं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्हीच संपवलं होतं."

"त्याच्या खालच्यात तुझा पहिला दात पडला तो दिवस. तू रडली नाहीस. दात मुठीत धरून उभी, आणि मूठ उघडायलाच तयार नाही. मी तुझ्या मुठीचाच फोटो काढला."

ते सांगत राहिले, काकू दुरुस्त्या करत राहिल्या. भांडलेही मध्ये, झबले कुठल्या रंगाचे होते त्यावरून. मुलगी ऐकत होती. मग तिने कॅमेरा खांबावर उंच चढवला, जितका जाईल तितका. "दोघांनी हात इथे ठेवा," ती म्हणाली. त्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचे चार हात माझ्या पाटावर आले. तिने आपलाही एक हात मध्ये घातला आणि दुसऱ्या हाताने कळ दाबली. तो फोटो आता समोरच्या भिंतीवर आहे. आलेल्यांना त्यात काय आहे ते चटकन कळत नाही. मग काकू सांगतात, "आमच्या लेकीच्या लहानपणीचा आहे."

माझ्या जिवाला अजून चैन नाही, मित्रांनो. छतापर्यंतचे डबे कमरेपर्यंत आले आहेत, पण वास अजून येतोच. कोण आधी संपेल, डबे की फिल्म, ते मला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला एवढेच विनवतो. तुमच्याही घरात पलंगाखाली, कपाटावर असा एखादा डबा असेल. पुढच्या सुट्टीत बघू असे म्हणू नका. आजच तो खाली उतरवा आणि ज्यांनी तो तिथे ठेवला त्यांना हाताला धरून शेजारी बसवा. फिल्म टिकली असेल तर धरायला माझ्यासारखा एखादा खांब कुठेतरी सापडेलच. पण नसेल टिकली, तर सांगणारे तरी शेजारी असू द्या.